नोकरी सुटली तरी नोंदणी सोडू नका

लग्न, बाळंतपण, मुलांची शाळा... नर्सिंगमध्ये पडलेली गॅप भरून काढता येते. पण त्यासाठी मधल्या काळात एक कागद जिवंत ठेवावा लागतो आणि परतताना हाताला पुन्हा सवय लावावी लागते.

एप्रिल २०२०. कोरोनाची पहिली लाट नुकती चढायला लागलेली. ८ एप्रिलला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला आवाहन केलं. निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय, प्रशिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेले आरोग्य कर्मचारी, सगळ्यांनी पुढे यावं, राज्याला तुमची गरज आहे. ‘कोविड योद्धा’ म्हणून नाव नोंदवायची सोयही झाली. त्याच महिन्यात, २७ एप्रिलला, मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. राजकारणात येण्याआधी त्या परिचारिका होत्या. तिथल्या सिस्टर्सना धीर द्यायला त्या जुन्या गणवेशात परत उभ्या राहिल्या. त्याआधी मार्चमध्ये, दिल्लीत नर्सिंगची पदवी घेऊन अभिनयाकडे वळलेली शिखा मल्होत्रा जोगेश्वरीच्या ट्रॉमा रुग्णालयात स्वयंसेवक परिचारिका म्हणून रुजू झाली होती. पुढे ऑक्टोबरात तिला स्वतःलाच कोरोना झाला.

त्या दिवसांत एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली होती. जिनं एकदा नर्सिंग शिकलंय, ती परत येऊ शकते.

साथ ओसरली आणि हे गृहीतकही ओसरलं. आज जिंतूर किंवा सोनपेठची एखादी जीएनएम झालेली बाई सहा-सात वर्षांनी नोकरी मागायला गेली, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मधे काय करत होतात?’ दोन लेकरं वाढवत होते, सासूबाईंचं दुखणं काढत होते, हे उत्तर खरं असतं, पण बायोडेटात त्याला रकाना नसतो. घरी पाहुणे आले की तेही विचारतात, ‘नर्सिंग केलतं ना? मग सध्या काय करायली?’

ही पुरवणी वाचणाऱ्या मुली आज एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंगच्या वर्गात आहेत, नाहीतर नुकत्याच पहिल्या नोकरीला लागल्यात. गॅपचा विषय त्यांना लांबचा वाटेल. तो तसा नाही. गॅप दहा वर्षांनी भरायची असेल, तर तिची तयारी गॅप पडायच्या आधी करावी लागते.

आकडेमोड आधी

एक साधा हिशोब मांडू. बारावी झाली तेव्हा वय १८. जीएनएम तीन वर्षांचं, म्हणजे २१. परभणीत एखाद्या खासगी दवाखान्यात दोन वर्षं नोकरी, २३. मग लग्न, गाव बदललं. पंचविसाव्या वर्षी पहिलं मूल, अठ्ठाविसाव्या वर्षी दुसरं. धाकटं पहिलीत जाईपर्यंत आई ३४ वर्षांची झालेली असते. आता घरातून निघता येईल, असं तिला वाटायला लागतं ते या वयात.

राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ आहे. २०१६ पर्यंत हीच मर्यादा ३३ आणि ३८ होती, म्हणजे आपल्या हिशोबातली खुल्या प्रवर्गातली बाई तेव्हा बादच झाली असती. आताही तिच्या हातात चारच वर्षं उरतात. अधिपरिचारिकेची जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. निघाली की कॉम्प्युटरवरची परीक्षा द्यायची, तीही कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरींच्या जोडीला बसून.

या चार वर्षांतलं एक वर्ष जर अडकलेली नोंदणी सोडवण्यात, नावातला फरक दुरुस्त करण्यात आणि जुन्या दवाखान्याचं अनुभवपत्र शोधण्यात गेलं, तर उरतात तीन.

गॅप कुणाला पडते?

गॅप ही बहुतेक वेळा खासगी दवाखान्यातल्या नर्सची अडचण आहे. सरकारी नोकरीतल्या सिस्टरला रजा असते. प्रसूती रजा आहेच, शिवाय राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. ती रजा घेते आणि परत येते. तिची नोकरी तुटत नाही.

वीस-पंचवीस खाटांच्या दवाखान्यातली सिस्टर मात्र सहाव्या-सातव्या महिन्यात ‘आता नाही जमत’ म्हणून घरी बसते, आणि तिच्या जागेवर दुसरी येते. प्रत्यक्षात २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली. त्याआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की हक्क लागू होतो. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराचीही तरतूद आहे. पण नेमणूकपत्रच हातात नसेल तर ८० दिवस दाखवायचे कसे?

म्हणून पहिल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात नेमणूकपत्र मागा. लाजू नका. सोडताना अनुभवपत्र घ्या. त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कुठल्या वॉर्डात काम केलं आणि दवाखान्यात खाटा किती, हे सगळं हवं. पीएफ कापला जात असेल तर यूएएन क्रमांक जपून ठेवा. दवाखाना बंद पडला, डॉक्टर गाव सोडून गेले, तरी पीएफच्या नोंदीत तुमची नोकरी राहते.

रात्रपाळी हे दुसरं कारण. सकाळची आणि दुपारची पाळी कशीबशी जमते, खरी पंचाईत रात्रीची. पूर्णा, सेलू, गंगाखेड रेल्वेमार्गावर आहेत. जिंतूर, पाथरी, पालम, सोनपेठच्या पोरींना एसटीशिवाय पर्याय नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्ध्यात मिळतं, हा मोठाच आधार झाला. पण दुपारची पाळी रात्री संपते तेव्हा गावाकडची शेवटची गाडी असते का, यावर आजही नोकरी टिकते किंवा सुटते. परतायचं ठरवलं की आधी गाडीचं वेळापत्रक बघा आणि मग पाळी ठरवा.

कागद जिवंत ठेवायचा म्हणजे काय?

राज्यात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. त्यामागे १९६६ चा कायदा आहे. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. त्यासाठी शुल्क लागतं आणि सतत शिक्षणाचे, म्हणजे सीएनईचे, तास दाखवावे लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष पाच वर्षांत १५० तासांचा आहे, म्हणजे वर्षाला तीस.

वर्षाला तीस तास हे ऐकायला काही जड नाही. वर्षातून चार-पाच दिवस कार्यशाळेला बसलं की होतात. पण घरी बसलेल्या बाईला त्याची आठवण कोण करून देणार? दवाखान्यात असताना इनचार्ज सिस्टर सांगते, मैत्रिणी ओढून नेतात. घरी आल्यावर ते बंद होतं, पाच वर्षं उलटतात आणि प्रमाणपत्राची मुदत संपते. मग विलंब शुल्क, राहिलेले तास आणि कागदपत्रांची जुळवाजुळव एकदमच अंगावर येते.

यात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. दहावीपासून नोंदणीपर्यंतचे सगळे कागद माहेरच्या नावानं आणि आधार, बँक, रेशनकार्ड सासरच्या नावानं. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण बदललंच, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद लगेच करून घ्या आणि कौन्सिलकडेही नाव बदलून घ्या. दहा वर्षांनी ते करायला गेलं की वकिलाकडे आणि नोटरीकडे चकरा होतात.

नियमही बदलतायत. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घ्यायला २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर झाला. म्हणून मैत्रिणीच्या मैत्रिणीनं सांगितलं त्यावर विसंबू नका. तास किती, शुल्क किती, कुठला कार्यक्रम ग्राह्य, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः बघा.

जगात जर्मनी, भारतात परभणी

परभणीकरांची ही आवडती घोषणा. नर्सिंगच्या बाबतीत ही जोडी आता नुसती गंमत राहिलेली नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तिकडं बाहेरून आलेल्या नर्सचं शिक्षण तपासतात आणि कमी पडलेला भाग भरून काढायला अनुकूलन प्रशिक्षण देतात किंवा चाचणी घेतात.

ब्रिटनची पद्धत आणखी वेगळी. तिथं नोंदणी टिकवायला तीन वर्षांत ४५० तास प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं. तेवढं झालं नसेल तर ‘पुन्हा सेवेत’ येण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम करायचा किंवा परीक्षा द्यायची. म्हणजे तिथं गॅप पडली म्हणून दार बंद होत नाही. परत यायचा रस्ता आखलेला असतो.

आपल्याकडची नोंदणी शिक्षणाच्या तासांवर चालते, रुग्णाजवळ घालवलेल्या तासांवर नाही. याचा एक फायदा आहे. घरी राहूनही कागद जिवंत ठेवता येतो. एक धोकाही आहे. दहा वर्षांत एकदाही इंट्राकॅथ न लावलेल्या सिस्टरचं प्रमाणपत्र अगदी चालू असू शकतं. पहिल्याच रात्री तिला एकटीला वॉर्ड सांभाळायला दिला, तर चूक तिच्या हातून होईल आणि भोगेल तो रुग्ण. परत येणाऱ्या सिस्टरची आणि तिला घेणाऱ्या दवाखान्याची, दोघांची जबाबदारी इथं सुरू होते.

काय बदललं, काय नाही?

चांगली बातमी आधी. नर्सिंगचा गाभा जागेवरच आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे तेव्हाही होतं आणि आताही आहे. सलाईनचा हिशोबही तोच. ५०० मिली चार तासांत द्यायचं आणि सेट २० थेंबांचा, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. फरक इतकाच की वॉर्डात आता इन्फ्युजन पंप असू शकतो, आणि पंप थेंब विचारत नाही, तासाला मिली विचारतो. तिथं उत्तर १२५.

आता बदललेल्या गोष्टी.

कचरा: १९९८ च्या नियमांतली काळी पिशवी डोक्यात बसली असेल तर ती काढून टाका. २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग चार. रक्तानं माखलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेली सिरिंज लाल रंगात, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या आणि अँप्युल निळ्यात.

सीपीआर: जुन्या बॅचला आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब असा क्रम शिकवला होता. २०१० पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत छातीवरचा दाब पहिल्यांदा आला. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, तीस दाबांमागे दोन श्वास.

प्रसूती कक्ष: बाळ बाहेर आलं की लगेच नाळ बांधायची, ही सवय मोडावी लागेल. बाळाला तातडीच्या मदतीची गरज नसेल तर किमान एक मिनिट थांबायचं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानं सरकारी प्रसूती कक्षातल्या नोंदी, स्वच्छता आणि आईशी वागणूक या सगळ्याचे निकष ठरवले. ते वाचून जा.

इन्सुलिन: ४० युनिटची बाटली आणि १०० युनिटची सिरिंज, किंवा त्याउलट, ही गल्लत आजही जीवघेणी ठरू शकते. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेषेपर्यंत ओढलं तर जातात २५ युनिट. लाल टोपण ४० चं, नारिंगी टोपण १०० चं. बाटलीवरचं लेबल प्रत्येक वेळी वाचा.

नोंदी: रजिस्टरच्या जोडीला अनेक ठिकाणी आता कॉम्प्युटर आहे. टायपिंग येत नसेल तर आत्ताच महिनाभर सराव करा. मोबाईलवर मराठी-इंग्रजी सफाईनं टाईप करणाऱ्या पोरींना हे पंधरा दिवसांत जमतं.

पहिले दोन महिने

परत रुजू होताना सगळ्यात मोठी भीती असते ती लाजेची. वयानं दहा वर्षं लहान सिस्टर आपल्याला मशीन दाखवणार. दाखवू दे. ‘मला हे नवीन आहे, एकदा दाखव’ असं म्हणणारी सिस्टर सुरक्षित, आणि ‘येतंय मला’ म्हणून अंदाजे बटण दाबणारी धोक्याची. तरुण मुलींनाही सांगणं आहे. तुमच्या वॉर्डात अशी ताई आली, तर तिला ‘जुनी’ म्हणून हसू नका. कापऱ्या आजीचा हात धरून व्हेन शोधणं, रडणाऱ्या नातेवाइकाला दोन शब्दांत शांत करणं, हे तिच्याकडून शिकता येईल. आणि पाच-सात वर्षांनी तिच्या जागी तुम्ही असाल.

रुजू होण्याआधीच व्यवस्थापनाशी स्पष्ट बोला. पहिले चार आठवडे दिवसपाळी आणि कुणाच्या तरी सोबतीनं काम. आधी जनरल वॉर्ड, आयसीयू नंतर. पोटॅशियम क्लोराईड, इन्सुलिन, हेपॅरिन अशी औषधं पहिल्या महिन्यात दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच द्यायची. दुसऱ्या महिन्यात रात्रपाळी, पण पहिल्या काही रात्री जोडीनं. हे मागणं म्हणजे कमीपणा नाही. यातून दवाखान्याचाही चुकांपासून बचाव होतो.

पगाराचंही बोला. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २० हजार रुपये असावेत, २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार असावा, अशी तिची शिफारस होती. ही शिफारस आहे, प्रत्यक्षात हातात काय पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आकडा माहीत असावा. ‘गॅप आहे ना तुमची, मग एवढ्यावर या’ असं कुणी म्हणालं, तर बोलायला आधार हवा.

आणि घरच्यांशी बोला. रात्रपाळीनंतर सकाळी घरी येणारी बाई ‘आली आता, चहा टाक’ या वाक्यासाठी आलेली नसते, झोपायला आलेली असते. मुलांना शाळेत कोण सोडणार, डबा कोण करणार, हे रुजू व्हायच्या आदल्या रविवारी ठरवा. पहिल्या रात्रीनंतर ठरवायला बसलं की भांडण होतं, आणि भांडणात नोकरीच आधी जाते.

परभणीला गरज आहे

परभणीत २०२३ मध्ये शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्यासोबत रुग्णालय वाढणार, विभाग वाढणार. गंभीर रुग्णाला नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवायची वेळ कमी यावी, ही जिल्ह्याची जुनी आस आहे. ती नुसत्या इमारतीनं आणि डॉक्टरांनी पुरी होत नाही. रात्री तीन वाजता मॉनिटरवरचा आकडा घसरलेला ज्याला दिसतो, तो माणूस खाटेजवळ असावा लागतो. ते काम करणाऱ्या कितीतरी शिकलेल्या बाया याच नऊ तालुक्यांत, आपापल्या घरात आहेत. त्यांच्यासाठी दोन महिन्यांचं उजळणी प्रशिक्षण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्ह्यातल्या नर्सिंग कॉलेजांत सुरू करायला फार मोठा खर्च येणार नाही. शिकवणाऱ्या ट्यूटर आहेत, प्रात्यक्षिकाचे पुतळे आहेत, वॉर्डही आहेत. एप्रिल २०२० मध्ये राज्यानं या बायांना साद घातली होती. तशी साद घालायला साथीचीच वाट का बघायची?

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. तुम्ही नोकरीत असा, घरी असा, नाहीतर लग्न ठरायच्या बेतात असा. ब्रदर लोकांनाही हेच लागू आहे. आज कपाटातली ती प्लॅस्टिकची फाईल काढा. नोंदणी प्रमाणपत्रावरची मुदतीची तारीख वाचा आणि मोबाईलमध्ये त्याच्या सहा महिने आधीचा गजर लावून ठेवा. सीएनईची प्रमाणपत्रं मोजा. अनुभवपत्र नसेल तर जुन्या दवाखान्यात फोन करा, तो दवाखाना अजून चालू आहे तोवरच.